पहिली खेप

फॉर्मवर एक रकाना असतो: दुखणं केव्हा वाढतं.
लोक सांगतात 'सारखंच', सांगतात 'चालताना',
आणि मी, सीटीच्या खोलीतली, न बघताच लिहून घेते.
हळदोण्याच्या रुझारियू पोदेराने मात्र सांगितलं:
"पीठ फुगून वर येतं, तेव्हा सुरू होतं.
उंडे आत जातात, तेव्हा पोर रडतं.
गोळी दिली की काकणां भाजून निघेपर्यंत गप."
मी घड्याळात बसवून बघितलं.
रात्रीचे दोन. अडीच. तीन.

इनासियू, वय अकरा, डावी नडगी, आठ महिने.
फुटबॉल लागला असेल, म्हणाले.
वाढीच्या कळा, म्हणाले.
मावशीने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
पहिल्या एक्स-रेत हाड एका बाजूने जाड,
जुनी मोड सांधल्यासारखं.
दिवसा तो धावायचा.
तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

कुंकळ्येकर डॉक्टरबाईंनी तो रकाना दोनदा वाचला.
"पातळ काप काढ," मला म्हणाल्या, "मिलिमीटरचे."
मी हाड कापत नाही, त्याची सावली कापते,
लसणीच्या चकतीइतकी पातळ.
एकविसाव्या कापात ते बसलं होतं:
पांढऱ्याशुभ्र हाडात एक काळसर घर,
मटारापेक्षा लहान, आत एक दाणा.
बाकीचा जाडपणा म्हणजे
हाडानेच घाबरून बांधलेला तट.

गाठ, बाई म्हणाल्या.
सुतळीला पडते, मनात बसते,
लग्नात बांधतात, वाटेत कुणाशीही पडते,
पण दवाखान्यात उच्चारली
की तिचा एकच अर्थ उरतो.
पोदेराने टोपी काढून हातात घेतली.
"कॅन्सर न्हय मू?"
"न्हय. साधी आहे. कुठं पसरत नाही.
काही वर्षांनी आपली आपण विझतेही."
"किती वर्षांनी?"
"पाच. सात. सांगता येत नाही."
त्याने मनात हिशेब केला,
वर्षांचा नव्हे, रात्रींचा.

"नाहीतर सुई आत नेऊन जाळता येते."
जाळणं म्हटल्यावर तो पहिल्यांदा
खुर्चीत पाठ टेकून बसला.
"किती गरम?"
"नव्वद अंश."
"किती वेळ?"
"सहा मिनिटं."
"माझ्या भट्टीला अंश नाहीत, बाई.
चिमूटभर पीठ टाकतो, तांबूस व्हायला किती लागतं ते मोजतो.
नव्वदात माझा पाव कच्चाच राहील."
"हा पाव नाही," त्या म्हणाल्या,
आणि दोघंही हसली.
काचेमागे मीसुद्धा.

शुक्रवारी सुईच्या वाटेची चित्रं काढत गेले.
आत पोचल्यावर बाईंनी आधी एक कण तपासणीला घेतला;
नुसत्या सावलीवर नाव ठेवायचं नसतं.
मग ती सहा मिनिटं.
कुणी बोललं नाही.
बाहेर बाकावर रुझारियू, तळहात मांडीवर उताणे,
जणू पीठ मळून झालंय
आणि आता त्याला हात लावायचा नाही.
एक टाका.
जाग येताच पोरगा म्हणाला, भूक लागली.

दहा दिवसांनी दोघं आले.
कणाचा अहवाल बाईंच्या अंदाजाला धरून होता.
मी रकान्यातला प्रश्न विचारला, केव्हा वाढतं?
पोराने बापाकडे बघितलं,
प्रश्न दुसऱ्याच कुणाला असावा तसं.

बाप म्हणाला, "घरी आणलं त्या रात्री
भट्टीजवळचं स्टूल रिकामं.
दोन वाजले. अडीच. हा आलाच नाही.
मी धावत खोलीत गेलो,
नाकाखाली बोट धरलं.
झोपला होता, तोंड उघडं,
तो पाय खाटेबाहेर टाकून.
उभा राहिलो. किती वेळ, मोजलं नाही.
परत येतो तर पहिली खेप कोळसा.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

पिशवीतून त्याने आम्हाला पोयी दिल्या, ताज्या.
मग खिशातून कागदात गुंडाळलेला एक उंडा काढला,
काळाठिक्कर, दगडासारखा,
आणि आमच्या ट्यूबलाइटकडे वर धरला,
आम्ही एक्स-रे धरतो तसा.